इंग्लंडमधल्या लहान खेड्यात माणसे भेटतात कुठे?

डोंगरवाट (धागाकर्ती)

मागे एका चर्चेत कुणीतरी विचारले होते की, शहर सोडून इंग्लंडमधल्या अगदी लहान गावात राहायला गेलो तर तिथे माणसे भेटणार कुठे. दोन ओळींत त्याचे उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. आम्ही गेली अकरा वर्षे इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रियाच्या उत्तर भागात राहतो. गावाची वस्ती चारशेच्या आत आहे. एवढ्या लहान गावाचे नाव लिहिले की माणसेही ओळखू येतात, म्हणून ते लिहीत नाही; आसपासच्या गावांची नावे मात्र लिहीन.

पहिले वर्ष अवघड गेले, हे आधी सांगते. रस्त्यात जो भेटेल तो हात वर करून ओळख दाखवी, पावसाविषयी चार शब्द बोले आणि पुढे जाई. घरी कुणी येत नसे, कुणी बोलावतही नसे. मी सातारा जिल्ह्यातल्या गावात वाढले. संध्याकाळी ओसरीवर कुणी टेकले नाही असा दिवस मला आठवत नाही. त्यामुळे इथली माणसे तुटक आहेत असे माझे मत झाले होते, आणि ते चुकीचे होते. इथे घर कुटुंबापुरते असते. वीस वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारी एकमेकांच्या स्वयंपाकघरात कधी गेलेले नसतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. विचारपूस करायची, मदत मागायची, मतभेद मांडायचे ते सगळे गावाच्या सामायिक जागांमध्ये, तेही बहुधा ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी. त्या जागा आणि त्या वेळा कळेपर्यंत माणूस गावात राहूनही गावाबाहेरचाच असतो.

आमच्याकडची सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे गावाचा हॉल. इंग्लंडच्या ग्रामीण भागात असे दहा हजारांच्या आसपास हॉल आहेत आणि त्यांतले पुष्कळसे पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या मुलांचे स्मारक म्हणून लोकवर्गणीतून उभे राहिलेले आहेत. आमचाही तसाच आहे. दाराशी पितळी पाटीवर नावे कोरलेली आहेत आणि त्यांतल्या दोन आडनावांची घराणी आजही गावात शेती करतात. दर मंगळवारी साडेदहाला तिथे कॉफी मॉर्निंग भरते. हीटरला नाण्यांचा मीटर आहे. एका पौंडात ठरावीक वेळ ऊब मिळते, मग टक् असा आवाज होतो आणि मिनिटाभरात पायांना गारठा जाणवू लागतो. कपबश्या जाड, फिकट हिरव्या रंगाच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून इंग्लंडभरच्या हॉलांमध्ये दिसणाऱ्या. चहा मोठ्या बंबातून निघतो. दारापाशी बसलेल्या आजी गुलाबी चिठ्ठ्यांच्या पुस्तकातून सोडतीचे नंबर फाडून देतात. बक्षीस म्हणजे साबणाची वडी, जॅमची बाटली किंवा कुंडीतले रोप. त्या दोन तासांत कुणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया कधी आहे, कुणाची मेंढी व्यायली, कुणाला कार्लाइलला जायला गाडी हवी आहे, हे सारे ठरून जाते. चेहरा दिसला नाही, तर दुपारी कुणीतरी त्या घराचे दार वाजवून येते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा हजेरीपट आहे, असे मी मनापासून मानते.

दुसऱ्या हिवाळ्यात एका मंगळवारी निघताना त्या आजींनी भांडी पुसण्याच्या ओल्या फडक्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि "पुढच्या मंगळवारपर्यंत धुऊन आणाल ना?" एवढेच विचारले. घरी येऊन ती बारा फडकी धुऊन, वाळवून, इस्त्री करताना मला रडू आले होते. गावाने माझ्यावर एक काम सोपवले होते.

पब ही दुसरी जागा. भारतात हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर जे येते त्याचा इथल्या खेड्यातल्या पबशी फारसा संबंध नाही. शेकोटी, तिच्यासमोर झोपलेले दोन कुत्रे, कोपऱ्यात डॉमिनो खेळणारे चौघे आणि भिंतीवर प्रश्नमंजूषेच्या रात्रीची जाहिरात, असे ते चित्र असते. डिसेंबरमध्ये पावणेचारला सूर्य मावळतो. त्यानंतरच्या लांबच लांब रात्रीत ज्या गावात एक तरी उजेडाची खिडकी सर्वांसाठी उघडी असते, ते गाव आणि जिथे ती नसते ते गाव, यांत फार मोठा फरक आहे.

आमच्या जवळचे हेस्केट न्यूमार्केट हे गाव या बाबतीत पाहण्यासारखे आहे. नावात बाजार आहे, पण आता बाजार भरत नाही. गावाच्या मधल्या हिरवळीवर त्याची खूण म्हणून बाजाराची जुनी छत्री तेवढी उभी आहे. १८५७ मध्ये चार्ल्स डिकन्स आणि विल्की कॉलिन्स हे इंग्रज कादंबरीकार ज्या खानावळीत उतरले होते, तिचेही आता राहते घर झाले आहे. त्याच गावात ‘ओल्ड क्राउन’ नावाचा पब आहे. तो विकला जाण्याची वेळ आली तेव्हा शंभराहून अधिक माणसांनी भाग (शेअर) घेऊन २००३ मध्ये तो सहकारी तत्त्वावर विकत घेतला. ब्रिटनमधला सहकारी मालकीचा पहिला पब म्हणून तो ओळखला जातो. त्याच्या मागच्या गोठ्यात चालणारा बिअरचा छोटा कारखाना तर गावकऱ्यांनी त्याआधीच, १९९९ मध्ये, असाच घेतला होता.

आपल्यापैकी कुणी इंग्लंडच्या लहान गावात राहिले असेल तर तुमच्या गावात काय चालते, काय बंद पडले आणि ते कुणी टिकवले, ते कृपया सविस्तर लिहा.

कृष्णाकाठ

लेख अतिशय आवडला. मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा अनेक वर्षे सचिव होतो, त्यामुळे सहकारी पबविषयी कुतूहल वाटले. भाग जास्त असणाऱ्याला मते जास्त मिळतात का? नफा वाटला जातो का? आणि मालक विकायला तयार नसेल तर गावकऱ्यांच्या हातात काय उरते?

डोंगरवाट

कृष्णाकाठ, प्रश्न अगदी नेमके आहेत. सर्वसाधारण रीत अशी की, भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच. हे तत्त्व इंग्लंडच्याच रॉचडेल गावातल्या कामगारांनी १८४४ मध्ये दुकान काढले तेव्हापासून चालत आले आहे आणि तुमच्या दूध संस्थेच्या उपविधीतही ते असणार. बहुतेक ठिकाणी नफा आधी इमारतीच्या डागडुजीला जातो. भाग घेणाऱ्यांनाही ते ठाऊक असते. आपल्या गावचा पब उघडा राहावा एवढ्यासाठी त्यांनी पैसे घातलेले असतात.

कायद्याचे म्हणाल तर २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंडमधल्या गावांना एक आधार दिला. पब, दुकान किंवा हॉल गावाच्या उपयोगाची मालमत्ता म्हणून स्थानिक परिषदेकडे नोंदवून घेता येतो. मग मालकाला तो विकायचा असेल तर आधी कळवावे लागते. सहा आठवड्यांत गावकऱ्यांच्या गटाने इच्छा नोंदवली, तर एकूण सहा महिने बाजारात विक्री थांबते आणि तेवढ्या काळात पैसे उभे करता येतात. पण गावालाच विकले पाहिजे असे बंधन मालकावर नाही, आणि सहा महिन्यांत एखाद्या इमारतीची किंमत जमवणे ही सोपी गोष्ट नाही. माझ्या मते इथे कायदा अर्ध्या वाटेवर थांबला आहे.

साधीसुधी

मला एक व्यावहारिक शंका आहे. मी मद्य घेत नाही, शाकाहारी आहे आणि नवरा कामानिमित्त आठवड्यातून चार दिवस बाहेर असतो. अशा बाईने गावातल्या पबमध्ये एकटीने जाणे बरे दिसते का? आणि गेल्यावर नेमके करायचे काय?

डोंगरवाट

साधीसुधी ताई, नक्की जा. कुणीही वेगळ्या नजरेने पाहत नाही. दार उघडल्यावर सगळे क्षणभर वळून बघतात. ते नव्या माणसाकडेच नव्हे, येणाऱ्या प्रत्येकाकडे बघतात, कारण आत येणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी टेबलाशी जाऊन बसले आणि कुणीतरी विचारायला येईल म्हणून वीस मिनिटे वाट पाहिली. शेवटी शेजारच्या एका वयस्क शेतकऱ्याने समजावले की, इथे आपणच काउंटरवर जाऊन मागायचे आणि तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नसली तरी कोण कुणाच्या आधी आले हे सर्वांना माहीत असते, म्हणून घाई करायची नाही. चौघांत बसलात तर आळीपाळीने एकेकाने सर्वांसाठी आणायचे असते. तुम्ही लिंबूसोडा घेत असलात तरी तुमची पाळी चुकवू नका, कारण ही गोष्ट लोक लक्षात ठेवतात. खाण्यासाठी चीज, पाव, लोणचे आणि सफरचंद अशी थाळी बहुतेक ठिकाणी मिळते, ती शाकाहारी असते. दुपारचे स्वयंपाकघर मात्र अनेक गावांत दोनच्या सुमारास बंद होते. सुरुवातीला प्रश्नमंजूषेच्या रात्री जावे असे मी सुचवेन, कारण कुठल्या ना कुठल्या गटाला एक माणूस कमी पडत असतो.

लेस्टरकर

सर्वांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. आम्ही तीन वर्षे मिडलंड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या, एका खेड्यात काढली. हॉलमध्ये गेलो, चर्चच्या जत्रेला गेलो, पबमध्येही बसलो. सगळे नम्रपणे बोलत, पण ती नम्रता तीन वर्षांत एक पाऊलही पुढे सरकली नाही. मुलगी पाच वर्षांची होती आणि तिच्या वर्गात तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुणी नव्हती. त्यातच गावातून शहराकडे जाणारी बस तिथल्या कंपनीने बंद केली आणि पत्नी, जी तेव्हा गाडी चालवत नव्हती, ती अक्षरशः घरात अडकली. शेवटी आम्ही लेस्टरला आलो. इथे चार पावलांवर कोथिंबीर मिळते आणि गणपतीला घर भरून जाते. खेड्यातल्या सामायिक जागा सुंदर असतीलही, परंतु त्या सर्वांसाठी सारख्याच उघड्या असतात असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

डोंगरवाट

लेस्टरकर, तुमचा अनुभव मी खोटा ठरवणार नाही. पहिल्या दीड वर्षात कुणी मला विचारले असते तर मीही हेच लिहिले असते. गावागावांत फरक असतो आणि आमच्या मंगळवारच्या आजींसारखे एक माणूस असणे किंवा नसणे यावर फार काही ठरते, हेही मान्य आहे. बसविषयी तर मी तुमच्या पूर्ण बाजूने आहे. आमच्याकडेही आठवड्यातून दोनदा येणारी बस बंद झाली आणि त्यासोबत बसथांब्यावरची भेटही संपली. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सामायिक जागा तीन मैलांवर असली काय आणि तीसवर असली काय, सारखेच. बस ही माणसे जोडणारी गोष्ट आहे, हे निर्णय घेणाऱ्यांना कसे पटवावे हे मला अजून कळलेले नाही.

घाटमाथा

आम्ही इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेटमध्ये राहतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

आमच्या भागात वेस्टबरी-सब-मेंडिप नावाचे गाव आहे. तिथले फिरते ग्रंथालय बंद झाले आणि लाल टेलिफोनची खोकीही काढली जाणार होती. गावाने टेलिफोन कंपनीकडून ती खोकी एका पौंडाला विकत घेतली आणि २००९ मध्ये तिच्यात पुस्तकांच्या फळ्या लावल्या. एक पुस्तक ठेवायचे, एक न्यायचे. ना नोंद, ना दंड. पुढे देशभर अनेक गावांनी हेच केले. काही ठिकाणी त्याच खोक्यांत हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारे यंत्र बसवले आहे, म्हणजे संकटात धावायची जागा सर्वांना आधीपासून माहीत असते.

दुसरी गोष्ट घंटांची. आमच्या गावच्या चर्चमध्ये सहा घंटा आहेत आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्या वाजवण्याचा सराव असतो. इंग्लंडमध्ये घंटांवर सूर वाजवत नाहीत, क्रम बदलत नेतात. सहा घंटांचे ७२० वेगवेगळे क्रम होतात, आणि कुठलाही क्रम पुन्हा न येऊ देता ते सगळे वाजवून काढायला साधारण अर्धा तास लागतो. मी स्वतः चार वर्षांपूर्वी शिकायला सुरुवात केली. दोराला हाताच्या पकडीसाठी लोकरीची जाड, लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांची गोंडेदार बाही असते. ती छताकडे झेपावते तेव्हा ती वेळेवर सोडावी लागते, नाहीतर माणूस दोराबरोबर उचलला जाईल. पहिले दोन महिने मला घंटा फक्त उलटी उभी करायला आणि पुन्हा खाली आणायलाच शिकवले. प्रार्थनेला मी जात नाही आणि तसा आग्रह मला कुणी एकदाही केला नाही. सहा दोरांसाठी सहा माणसे लागतात. आम्ही पाचच होतो, म्हणून मला बोलावले गेले. डोंगरवाट यांनी फडक्यांची गोष्ट लिहिली आहे ती वाचताना मला माझा दोर आठवला. लेस्टरकर यांनी म्हटलेली नम्रता पुढे सरकते ती बहुधा अशाच ठिकाणी, जिथे एक माणूस खरोखर कमी पडत असतो.

कृष्णाकाठ

घाटमाथा, घंटांच्या क्रमांचे वाचून थक्क झालो. गणिताचे मास्तर असलेल्या भावाला आत्ताच पाठवले आहे. डोंगरवाट, तुमच्या भागात मेंढपाळ पुष्कळ आहेत असे दिसते. वाडी-वस्तीवर राहणारी ही माणसे मंगळवारी साडेदहाला चहाला येत नसणार. ती कुठे भेटतात?

डोंगरवाट

खरे आहे, ती येत नाहीत. त्यांची भेटण्याची जागा म्हणजे जनावरांच्या लिलावाचा बाजार. तिथे गोल रिंगणाच्या पायऱ्यांवर बसून जे बोलणे होते त्याच्यासाठी काही जण विकायला काही नसतानाही जातात, आणि तिथल्या कॅन्टीनमधले जेवण हे त्यांचे आठवड्यातले एकमेव बाहेरचे जेवण असते. शरद ऋतूत मेंढपाळांचे मेळावेही होतात. डोंगर सामायिक असल्यामुळे मेंढरे एकमेकांच्या कळपांत मिसळतात. लोकरीवरच्या लाल-निळ्या रंगाच्या पट्ट्यावरून आणि कानाला पाडलेल्या खाचेवरून मालक ओळखून चुकलेली मेंढी परत करायची, हे या मेळाव्यांचे मूळ काम. कुणाची खूण कुठली याची छापील पुस्तके पूर्वीपासून आहेत. आज त्यांतल्या काही मेळाव्यांची मोठी कृषिप्रदर्शने झाली आहेत.

२००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि सर्वांत मोठी झळ कंब्रियाला बसली. मी तेव्हा इथे नव्हते, पण गावातल्या माणसांकडून पुष्कळ ऐकले आहे. लिलाव बंद झाले, डोंगरवाटा बंद झाल्या, शेताच्या फाटकांशी जंतुनाशकात भिजवलेल्या चटया आल्या. शेजारच्या शेतावरची सगळी जनावरे मारली जात असताना तिथे जाऊन त्या कुटुंबाजवळ बसताही येत नव्हते, कारण आपल्या बुटांबरोबर रोग येईल ही भीती होती. आमच्या पलीकडच्या शेतातल्या काकांनी मला एकदाच याविषयी सांगितले. जनावरे गेली त्यापेक्षाही, त्या महिन्यांत संध्याकाळी फोनशिवाय दुसरा आवाज नव्हता, हे त्यांना अधिक लागले होते. सामायिक जागांविषयी मी इतक्या कळकळीने का लिहिते, याचे एक कारण हे बोलणे आहे.

आज काळजी वेगळी आहे. सुट्टीपुरती घेतलेली घरे वाढली आहेत. आमच्या गल्लीत नऊ घरे आहेत, त्यांतल्या चार घरांत नोव्हेंबर ते मार्च दिवा लागत नाही. बंद घरातून हॉलच्या समितीला माणूस मिळत नाही आणि शाळेला मूल मिळत नाही. पबला ऑगस्टमध्ये गर्दी असते, पण पब टिकतो तो फेब्रुवारीतल्या बुधवारी येणाऱ्या सात-आठ गिऱ्हाइकांवर.

नवागत

सर्व प्रतिसाद वाचले. आम्ही दोघे आणि सात वर्षांचा मुलगा ऑक्टोबरमध्ये यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात राहायला जात आहोत. पहिल्या महिन्यात नेमके काय करावे हे कुणी सांगेल का? घरोघर मिठाई घेऊन जावे असा आमचा विचार होता.

डोंगरवाट

स्वागत आहे. मिठाई घेऊन दारात उभे राहिलात तर लोक आनंदाने घेतील, पण त्यांना थोडे संकोचल्यासारखे होईल, म्हणून ते दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांपुरते ठेवा. पोहोचल्यावर गावातला सूचनाफलक शोधा; तो बहुधा बसथांब्याजवळ किंवा हॉलच्या भिंतीवर काचेच्या पेटीत असतो. त्यावर पॅरिश कौन्सिलच्या सभेची तारीख असेल. १८९४ च्या कायद्याने सुरू झालेली ही सर्वांत खालच्या पायरीची परिषद आहे आणि तिच्या सभेला कुणीही जाऊन बसू शकते. आमच्याकडे मागच्या सभेत पाऊण तास एका खड्ड्यावर आणि एका बाकावर चर्चा झाली, पण गावात कोण कसे आहे हे मला त्या पाऊण तासात जेवढे कळले तेवढे एरवी वर्षभरात कळले नसते. मुलाच्या शाळेच्या फाटकाशी दुपारी दहा मिनिटे आधी जाऊन उभे राहा; तुमच्या वयाची माणसे तिथेच भेटतील.

हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर वेळेच्या अर्धा तास आधी जा आणि खुर्च्या मांडायला लागा. काय मदत करू असे विचारत थांबू नका, कारण सभ्यपणाने "काही नको" हेच उत्तर येईल. थेट खुर्ची उचला.

साधीसुधी

आणि कॉफी मॉर्निंगला घरून काही न्यायचे असेल तर?

डोंगरवाट

शंकरपाळे न्या. इथल्या लोकांना बिस्किटासारखे काहीतरी चहात बुडवायची सवय असते, त्यामुळे नवा पदार्थ आहे असे वाटत नाही आणि डबा लगेच रिकामा होतो. डब्यावर घटक लिहिलेली चिठ्ठी लावा. मैदा, दूध, तूप आणि साखर लिहायचे. काजू-बदाम वापरले असतील तर ते ठळक लिहायचे, कारण ॲलर्जी असणारे बरेच असतात आणि समितीतल्या बाई ते आधी तपासतात. डब्याच्या तळाला आपले नाव लिहून ठेवा. तो धुऊन, पुसून, पुढच्या मंगळवारी खिडकीतल्या फळीवर तुमची वाट पाहत असेल.